दगडावरच्या खुणा आणि दगडाबाहेरची गुपिते : सातारा-सांगलीच्या समाधिभूमीतून

#थ्रेड #इतिहास #सातारा #सांगली

१/
साताऱ्याहून पूर्वेला थोड्याच अंतरावर कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना भेटतात. या संगमाच्या परिसरात माहुली वसली आहे. कृष्णेच्या एका काठावर संगम माहुली, दुसऱ्या काठावर क्षेत्र माहुली. घाट उतरताना दगडी चौथरे दिसू लागतात. कोणावर शिवलिंग, कोणावर पावलांची जोडी, कोठे कमळ. बहुतेकांवर नाव नाही. नाव नसलेला दगड आणि त्यावरची खूण पाहिली की तरुण अभ्यासकाच्या मनात हमखास एक प्रश्न येतो : ही कोणा गुप्त मंडळाची निशाणी तर नसेल?

२/
प्रश्न स्वाभाविक आहे. रहस्यकथांनी आणि यूट्यूबवरच्या चित्रफितींनी जुनी दफनभूमी, विचित्र चिन्हे आणि शपथबद्ध मंडळे यांची सांगड मनात पक्की बसवली आहे. शिवाय या मुलखात गुप्त संघटना खरोखरच होऊन गेल्या. १८५७ मध्ये, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि पुन्हा १९४२ नंतर. म्हणून या थ्रेडमध्ये शोध दोन गोष्टींचा आहे. समाध्यांवरच्या खुणा नेमके काय सांगतात? आणि ज्यांनी खरोखर गुपिते सांभाळली, त्यांनी दगडावर काय ठेवले?

३/
आधी व्याख्या. प्रवेशासाठी शपथ, सभासदांनाच कळणारी ओळख आणि बाहेरच्यांपासून राखलेला विधी किंवा हेतू, ही गुप्त मंडळाची लक्षणे. यातही दोन जाती आहेत. पहिल्या जातीत मंडळ असल्याचे सर्वांना ठाऊक असते, फक्त आतले विधी झाकलेले असतात. फ्रीमेसन या जातीचे. दुसऱ्या जातीत मंडळाचे अस्तित्वच लपवावे लागते, कारण उघडकीस येणे म्हणजे फाशी किंवा काळे पाणी. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढचा सारा उलगडा त्यावर अवलंबून आहे.

४/
आता माहुली. सातारा ही छत्रपतींची राजधानी झाल्यावर राजघराण्यातील व्यक्तींचे अंत्यसंस्कार या पवित्र संगमावर होऊ लागले. १५ डिसेंबर १७४९ रोजी छत्रपती शाहू महाराजांचे निधन झाले. राणी सकवारबाई येथेच सती गेल्या. १७६१ मध्ये महाराणी ताराबाईंनी देह ठेवला. त्यांची समाधीही संगम माहुलीस आहे. वर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी सुमारे १७३५ मध्ये बांधलेले विश्वेश्वराचे देवालय उभे आहे. पावसाळ्यात नदी चढली की काठच्या काही समाध्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला की गाळातून पुन्हा वर येतात.

५/
इतक्या मोठ्या व्यक्तींच्या समाध्यांवर नाव का नाही? कारण दहनानंतर उभारलेला चौथरा हे मृताचे नामफलक लावण्याचे ठिकाण मानले जात नसे. तो पूजेचा दगड होता. देह पंचत्वात विलीन झाला, उरले ते शिवतत्त्व, म्हणून वर लिंग. पूज्य व्यक्तीचे स्मरण तिच्या चरणांशी, म्हणून पादुका. समाधी कोणाची हे घराण्याला, उपाध्यायांना आणि गावाला तोंडपाठ असे. ज्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत, त्या कोणी कोरून ठेवीत नाही. दोन-तीन पिढ्यांनी ते सांगणारे गेले आणि दगड मुका झाला.

६/
याच घाटावर एका कुत्र्याची समाधी दाखवली जाते. शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा विसरली गेली असती, तर समाधिभूमीतल्या या कुत्र्याचे काय झाले असते? कोणीतरी त्याला पाताळाचा रक्षक ठरवले असते, कोणी भैरवपंथी मंडळाची खूण म्हटले असते. कथा टिकली, म्हणून तो आजही एका राजाचा लाडका कुत्राच राहिला आहे.

७/
माहुलीहून वायव्येस, वाई तालुक्यात, चंदन-वंदन गडांच्या परिसरात किकली हे गाव आहे. तेथील भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळांची रांगच उभी आहे. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराची स्मारकशिळा. शब्द आला कन्नडमधून : ‘कल्लु’ म्हणजे दगड, वीराचा कल्लु तो वीरगळ. माहुलीच्या समाध्यांहून हे दगड कितीतरी जुने. सातारा-सांगली भागात देवळाच्या बाजूला, पाराखाली, ओढ्याकाठी असे दगड अनेक गावांत आढळतात.

८/
वीरगळ वाचायचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, म्हणजे मृत. त्यावरच्या चौकटीत त्याचे युद्ध : हाती ढाल-तलवार, समोर शत्रू, कधी घोडा. बाजूला गाई कोरल्या असतील तर तो गावाचे गोधन पळवणाऱ्यांशी लढताना पडला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. शिरोभागी कलश आणि दोन अंगांना सूर्य-चंद्र. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कळावी अशी ही चित्रकथा आहे.

९/
सूर्य-चंद्रांची जोडी पाहून सर्वाधिक तर्क लढवले जातात. कोणाला त्यात दिवस-रात्रीचा संकेत दिसतो, कोणाला तारीख, कोणाला दिशादर्शक खूण. वस्तुतः जुन्या दानपत्रांतही हीच कल्पना शब्दांत येते : आचंद्रार्क, म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर. वीराची कीर्ती तोवर राहो, दिलेले दान तोवर चालो. शिलालेखात जे शब्दाने म्हटले, तेच येथे छिन्नीने म्हटले आहे. पंचक्रोशीतला प्रत्येक जण ते ओळखत होता. यात लपवण्याजोगे काहीच नव्हते.

१०/
कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला एकच हात कोरलेला दगड दिसला, तर ती सतीशिळा. पतीच्या चितेवर गेलेल्या स्त्रीचे ते स्मारक. अखंड बांगड्या म्हणजे न संपलेले सौभाग्य, असा त्या काळचा अर्थ. पाहणाऱ्याला हा तुटका हात भयावह वाटतो, एखाद्या शपथेची मुद्रा वाटतो. भय वाटावे असे त्यात आहेच; परंतु ते कोणत्या मंडळाच्या विधीचे नाही, उघड्यावर, वाद्यांच्या गजरात, सर्वांच्या साक्षीने झालेल्या एका मृत्यूचे आहे.

११/
तिसरा दगड गधेगळ. यावर गाढव आणि स्त्री यांचे अश्लील शिल्प असते. शिलाहारांच्या काळापासून असे दगड दानाच्या जमिनीवर उभे केले जात. अलिबागजवळच्या आक्षीचा गधेगळ प्रसिद्ध आहे. ही शापवाणी आहे. ‘हे दान जो मोडील त्याच्या कुळाची अशी विटंबना होवो’, हा तिचा आशय. म्हणजे हा दगड मुळात जमिनीच्या कायद्याचा फलक. जो वाचता येत नाही त्यालाही धाक बसावा, म्हणून चित्र इतके ढळढळीत.

१२/
आता या चुकीच्या वाचनाची किंमत. सूर्य-चंद्र, हात, गाढव, नाग यांपैकी काही कोरलेले दिसले की ‘खाली धन आहे’ असा समज अनेक ठिकाणी आहे. मग रात्री खड्डा खणला जातो, शिळा उखडली जाते, प्रसंगी फोडली जाते. खाली काहीच निघत नाही, कारण वीरगळाखाली धन पुरण्याचा प्रघात नव्हता. पण जागेवरून हललेला दगड पुन्हा बोलत नाही. तो कोठे उभा होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता, शेजारी कोणता दगड होता, हे सगळे त्या एका रात्रीत पुसले जाते.

१३/
कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने शिल्प संरक्षणाच्या कक्षेत आणले. गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आळा घातला. हा कायदा व्हावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला ज्यांची हत्या झाली, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे.

१४/
दहनाच्या समाध्यांकडून आता दफनाकडे येऊ. त्यासाठी कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली सांगली-मिरजेला जावे लागते. या भागात लिंगायत समाज मोठा आहे. त्यांच्यात मृताला बसलेल्या स्थितीत, हाती इष्टलिंग देऊन पुरतात. गोसावी आणि नाथपंथी यांच्यातही बसवून समाधी देण्याची रीत आहे. अशा समाधीवर लिंग, नंदी, त्रिशूळ ही चिन्हे येतात. दहन करणाऱ्या शेजाऱ्यांना ही रीत निराळी वाटते आणि जे निराळे ते गूढ, अशी मनाची घाईची समजूत होते. प्रत्यक्षात ती शेजारच्याच घरातली, भर दिवसा पाळली जाणारी परंपरा असते.

१५/
मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना १९३७ मध्ये याच दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. दख्खनमधल्या जुन्या कबरींकडे नीट पाहिले तर काहींच्या माथ्यावर लांबट उंचवटा आढळतो, काहींचा माथा पाटीसारखा सपाट असतो. पहिला ‘कलमदान’, तो पुरुषाच्या कबरीवर. दुसरी ‘तख्ती’, ती स्त्रीच्या. नाव नसले तरी कबर पुरुषाची की स्त्रीची, हे येणाऱ्याला कळावे म्हणून ही सोय. येथेही खूण आहे ती सांगण्यासाठी.

१६/
मग ज्यांच्याविषयी एवढे कुतूहल असते ते फ्रीमेसन? त्यांच्यासाठी इंग्रजांच्या दफनभूमीत जावे लागेल. १८१८ मध्ये मराठी सत्ता संपली, साताऱ्यात रेसिडेंट आला, छावणी आली. १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन महाबळेश्वर इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाले. प्रकृती सुधारण्यासाठी आलेल्यांपैकी काही तेथेच राहिले. मुंबई लष्कराचे सरसेनापती सर सिडनी बेकविथ १८३१ च्या जानेवारीत महाबळेश्वरी वारले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला उंच, टोकदार स्तंभ आजही तेथे आहे.

१७/
या टोकदार स्तंभाला ऑबेलिस्क म्हणतात. मूळ इजिप्तचे. १७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केल्यानंतर युरोपात इजिप्शियन आकारांची हौस वाढली आणि स्मशानांत असे स्तंभ सर्वत्र दिसू लागले. इंग्रजी थडग्यांवरच्या इतर खुणाही अशाच उघड अर्थाच्या. मधेच तुटलेला खांब म्हणजे अकाली मृत्यू. वस्त्र पांघरलेला कलश म्हणजे शोक. नांगर म्हणजे आशा. तो नावाड्याचाच असतो असे नाही. हातात हात म्हणजे निरोप आणि पुनर्भेट. यांपैकी एकही खूण एकटी असता फ्रीमेसनची ठरत नाही.

१८/
फ्रीमेसनांची खरी खूण म्हणजे गवंड्याची हत्यारे : गुण्या आणि त्यावर उघडलेला कंपास, मध्ये कधी इंग्रजी ‘जी’ अक्षर. जोडीला ओळंबा, थापी. मध्ययुगीन युरोपातील पाथरवटांच्या संघांचा वारसा हे लोक सांगत. १७१७ मध्ये लंडनमधील चार लॉज एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज झाले. गुण्या म्हणजे सरळ वर्तन, कंपास म्हणजे स्वतःला घातलेली मर्यादा, असे त्यांचे नीतिपाठ. सभासदाच्या थडग्यावर ही खूण कोरण्यास त्यांना संकोच नसे. मंडळ उघडच होते, झाकलेले होते ते फक्त आतले विधी.

१९/
पश्चिम भारतात या मंडळाला जोर आणला तो डॉ. जेम्स बर्न्स यांनी. १८३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्यांना या प्रांताचे प्रमुख नेमले. भारतीयांना दार मात्र बंद होते. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्यांनी युरोपात जाऊन दीक्षा घेतली. १८४३ मध्ये बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापून भारतीयांना प्रवेश दिला. बंधुभावाची शपथ घेणाऱ्या मंडळाला बंधू कोणाला म्हणावे हे ठरवायलाही काळ लागला.

२०/
बाहेरच्या लोकांना या मंडळाचे काय वाटे? उत्तर हिंदुस्थानात लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणत. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजचा सभासद झाला आणि हा शब्द त्याने ‘किम’ या कादंबरीत वापरला. बंद दारांमागे साहेब लोक काय करतात हे कळेना, म्हणून तेथे जादू चालत असावी. आज आपण वीरगळाकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने तेव्हाचा नोकरवर्ग त्या इमारतीकडे पाहत होता.

२१/
दगडावर खरेखुरे गुपित लिपी जगात कोठेच नाही काय? आहे. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चच्या आवारात १७९४ मध्ये मरण पावलेल्या जेम्स लीसन यांचे थडगे आहे. त्यावर चौकटी आणि ठिपक्यांची एक ओळ कोरली आहे. फ्रीमेसनांत प्रचलित असलेल्या सांकेतिक लिपीत ती आहे. ती उलगडल्यावर अर्थ निघाला : मृत्यूचे स्मरण ठेव. एवढा खटाटोप करून जे झाकले, ते प्रत्येक संताने आणि प्रत्येक स्मशानाने आजवर उघडपणे सांगितलेलेच होते.

२२/
आता दुसऱ्या जातीची मंडळे, ज्यांना अस्तित्वच लपवावे लागले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. १८४७ मध्ये काशीस नजरकैदेत त्यांचे निधन झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० ते १८५३ लंडनमध्ये राहून न्याय मागत राहिले. तो मिळाला नाही. १८४८ मध्ये तर सातारा राज्यच खालसा झाले. परतल्यावर १८५७ मध्ये त्यांनी साताऱ्यात उठावाची गुप्त सिद्धता केली. अर्जांची तेरा वर्षे संपली तेव्हा कटाचा आरंभ झाला.

२३/
कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला : पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्यांनी. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम होते. रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत. त्यांनी कोठे, केव्हा देह ठेवला याचा सरकारला अखेरपर्यंत पत्ता लागला नाही. ज्या माणसाच्या नावाने साताऱ्यातील खरा गुप्त कट ओळखला जातो, त्याची ना समाधी, ना पादुका, ना सूर्य-चंद्र. गेंडामाळावरचे हुतात्मा स्मारक आहे ते नंतरच्या पिढ्यांनी, स्वतंत्र देशात उभारलेले.

२४/
दुसरे मंडळ पन्नास वर्षांनंतरचे. सावरकरांच्या ‘अभिनव भारत’ या शपथबद्ध संघटनेशी नाते असलेला तरुणांचा एक गट साताऱ्यात काम करीत होता. १९१० मध्ये तीन तरुणांवर खटला झाला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात हा ‘सातारा कट’ नोंदला आहे. या गटाचा माग कोणत्या शिळेवर लागत नाही. तो लागतो पोलिसांच्या अहवालात आणि न्यायालयाच्या कागदांत. गुप्त संघटनेचा इतिहास बहुधा तिच्या शत्रूच्या दफ्तरात सुरक्षित राहतो, आणि म्हणूनच तो सावधपणे वाचावा लागतो.

२५/
तिसरे प्रकरण सर्वांत मोठे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. उघड मोर्चांचा मार्ग रक्ताने बंद झाला आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. त्यातून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलला जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना, वाळव्याकडे नागनाथअण्णा नायकवडी, उत्तरेकडे किसन वीर. कुंडल औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हद्दीबाहेर. ती सीमारेषाही भूमिगतांच्या कामी आली.

२६/
प्रतिसरकारची ओळखखूण कोणती होती? लोकांनी ‘प्रति’चे ‘पत्री’ केले. गावगुंडांच्या आणि खबऱ्यांच्या पायांना बैलासारखी पत्री ठोकतात, अशी वदंता पसरली. प्रत्यक्षात तळव्यांवर फटके मारीत. शब्दाचा हा अपभ्रंशच दहशत बनला. पण सरकार चालले ते दहशतीवर नव्हे. गावोगावची न्यायदान मंडळे, कमी खर्चाचे गांधी विवाह, भूमिगतांना भाकरी देणारी घरे, यांवर ते १९४३ ते १९४६ टिकले. गुपित शेकडो घरांत वाटलेले होते आणि तरीही राखले गेले.

२७/
मृत्यूशी या माणसांचे नाते कसे होते, ते दोन प्रसंगांतून दिसते. नाना पाटील भूमिगत असताना त्यांच्या मातोश्री वारल्या. पकडले जाण्याचा धोका पत्करून त्यांनी आईचे अंत्यसंस्कार केले, असे सांगितले जाते. आणि २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण गमावले, वसंतदादा गोळी लागून पुन्हा पकडले गेले. पुढे मुख्यमंत्री झालेल्या वसंतदादांची समाधी आज सांगलीत कृष्णाकाठी आहे, नावानिशी, सर्वांसाठी खुली.

२८/
माहुलीपासून सांगलीपर्यंतचा हा प्रवास एकाच नदीकाठचा आहे आणि तो एकच गोष्ट सांगतो. ज्यांना विसरले जाऊ नये असे वाटत होते, त्यांच्या माणसांनी दगडावर खूण कोरली; म्हणून ती खूण सर्वांना कळेल अशीच निवडली. ज्यांना ओळखले जाऊ नये असे वाटत होते, त्यांनी दगडाला हातही लावला नाही. आज जे चिन्ह गूढ भासते, ते कोणी लपवले नव्हते. त्याचे वाचक संपले, एवढेच.

२९/
म्हणून गावातल्या जुन्या समाधिभूमीत जाणाऱ्यांसाठी चार पथ्ये.
• एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. दगडाचा आकार, शेजारचे दगड, जागा आणि गावातल्या वृद्धांची आठवण एकत्र पाहावी.
• अक्षर उठावे म्हणून खडू, तेल, रंग लावू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात पुसट कोरीवकामही छायाचित्रात उमटते. शेजारी मोजपट्टी ठेवावी.
• दगड हलवू नये. आडवा पडला असेल तर तसाच नोंदवावा.
• कागद शोधावेत. मराठी घराण्यांसाठी पुणे पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ; इंग्रजांच्या दफनांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या नोंदवह्या.

३०/
किकलीच्या आवारात उभ्या असलेल्या त्या अनाम वीराने गावाच्या गाई सोडवल्या असतील, नसतील. त्याचे नाव आता कोणालाच सांगता येणार नाही. पण तो लढला, पडला, आणि चंद्र-सूर्य असेतोवर त्याची आठवण राहावी असे त्याच्या गावाला वाटले, एवढे तो दगड आजही स्पष्ट सांगतो. तो ऐकण्यासाठी कोणत्याही मंडळाची दीक्षा लागत नाही. खालून वर वाचायला शिकले की पुरते.

#वीरगळ #माहुली #प्रतिसरकार #मराठीइतिहास